वाचनक्रम हाच आशय : हूलिओ कोर्तासार यांच्या ‘रायुएला’ या प्रयोगशील कादंबरीचे वाचन

प्रास्ताविक

कादंबरी हा वाङ्मयप्रकार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचावयाचा असतो, हे गृहीतक इतके सर्वमान्य आहे की त्याचा स्वतंत्र उल्लेखही सहसा केला जात नाही. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, निवेदनपद्धती या कादंबरीच्या अभ्यासाच्या रूढ घटकांमागे हेच गृहीतक उभे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही लेखकांनी थेट या गृहीतकालाच हात घातला. फ्रेंच लेखक मार्क सापोर्ता यांनी 1962 साली सुट्या पानांची कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्रज कादंबरीकार बी. एस. जॉन्सन यांनी 1969 साली 27 सुटे भाग एका पेटीत घालून वाचकांच्या हाती दिले. त्यांतील पहिला आणि शेवटचा भाग तेवढा निश्चित होता. उरलेले 25 भाग वाचकाने हव्या त्या क्रमाने वाचावयाचे होते. सर्बियन लेखक मिलोराद पाविच यांनी 1984 साली शब्दकोशाच्या रूपात कादंबरी लिहिली.

या परंपरेतील सर्वाधिक चर्चिली गेलेली कृती म्हणजे अर्जेंटिनाचे लेखक हूलिओ कोर्तासार (1914-1984) यांची ‘रायुएला’ ही स्पॅनिश कादंबरी होय. 1963 साली ब्वेनोस आयरेस येथील ‘सुदामेरिकाना’ या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. ग्रेगरी रबासा यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘हॉपस्कॉच’ या नावाने 1966 साली आला. या अनुवादास 1967 साली अमेरिकेतील ‘नॅशनल बुक अवॉर्ड’चा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती ही कादंबरी प्रामुख्याने याच अनुवादातून येते.

अशा कृतींविषयी दोन प्रतिक्रिया नेहमी आढळतात. त्या दुर्बोध आहेत म्हणून बाजूला ठेवल्या जातात, किंवा ‘तंत्राचा एक चमत्कार’ अशी नोंद करून पुढे जाता येते. दोन्ही प्रतिक्रियांत कादंबरी वाचली जात नाही. ‘रायुएला’चा अपारंपरिक घाट हा तिच्या आशयावर चढविलेला अलंकार नसून प्रकरणांच्या क्रमातूनच तिचा नैतिक आशय घडतो, हे काही निवडक प्रकरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कादंबरीचा घाट

‘रायुएला’ म्हणजे जमिनीवर खडूने चौकटी आखून, त्यांत ठिकरी टाकून एका पायावर उड्या मारीत खेळावयाचा खेळ. महाराष्ट्रातील अंगणांतून खेळल्या जाणाऱ्या ठिकरीच्या खेळाशी त्याचे निकटचे साम्य आहे. या खेळाच्या पाश्चात्त्य प्रकारात सर्वांत खालच्या घरास ‘पृथ्वी’ आणि सर्वांत वरच्या घरास ‘स्वर्ग’ असे म्हणतात. कोर्तासार यांनी या कादंबरीसाठी आधी ‘मंडल’ हे नाव योजले होते. एका केंद्राचा शोध घेणारी आकृती ही कल्पना दोन्ही नावांत समान आहे. परंतु मंडलाच्या गांभीर्याऐवजी लेखकाने अखेरीस मुलांच्या खेळाची निवड केली, ही बाब लक्षणीय आहे.

कादंबरीत एकूण 155 प्रकरणे असून ती तीन भागांत विभागलेली आहेत. ‘पलीकडच्या बाजूने’ हा पहिला भाग (प्रकरणे 1 ते 36) पॅरिसमध्ये घडतो. ‘अलीकडच्या बाजूने’ हा दुसरा भाग (37 ते 56) ब्वेनोस आयरेसमध्ये घडतो. ‘इतर बाजूंनी’ या तिसऱ्या भागात (57 ते 155) उरलेली 99 प्रकरणे येतात आणि ही प्रकरणे वगळता येण्याजोगी आहेत, असे लेखकच सांगतो.

पुस्तकाच्या प्रारंभी एक दिशादर्शक तक्ता दिलेला आहे. त्यासाठी योजलेल्या मूळ स्पॅनिश शब्दाला खेळाचा ‘पट’ असाही अर्थ आहे. हे पुस्तक म्हणजे अनेक पुस्तके असली तरी मुख्यतः ती दोन आहेत, असे या तक्त्यात म्हटले आहे. पहिले पुस्तक प्रकरण 1 पासून 56 पर्यंत सरळ वाचावयाचे. तेथे तीन तारका छापल्या असून त्या ‘समाप्त’ या शब्दाच्या जागी आहेत. दुसरे पुस्तक प्रकरण 73 पासून सुरू होते आणि तक्त्यातील क्रमाने पुढे जाते : 73, 1, 2, 116, 3, 84, 4, 71 याप्रमाणे. वाचकाची वाट चुकू नये म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस पुढील प्रकरणाचा क्रमांक कंसात दिलेला आहे. या क्रमात प्रकरण 55 येत नाही. त्यातील बराचसा मजकूर प्रकरणे 129 आणि 133 यांत विखुरलेला आढळतो.

यावरून एक गैरसमज दूर होतो. ‘ही कादंबरी कोणत्याही क्रमाने वाचता येते’ असे विधान अनेकदा केले जाते. ते जॉन्सन यांच्या पेटीतील मधल्या भागांना लागू पडेल. ‘रायुएला’चा दुसरा क्रम मात्र लेखकाने अत्यंत काटेकोरपणे रचलेला आहे. वाचकाचे स्वातंत्र्य येथे अमर्याद नाही. त्याला एक निवड करावयाची आहे आणि त्या निवडीचे परिणाम सोसावयाचे आहेत.

पहिल्या क्रमातील कथा

पहिल्या क्रमाने वाचले असता कथेचा धागा सहज हाती लागतो. ओरासिओ ओलिवेरा हा अर्जेंटिनाचा बुद्धिजीवी पॅरिसमध्ये राहतो. उरुग्वेहून आलेली लुसिया, जिला सर्वजण ला मागा म्हणतात, तिच्यावर त्याचे प्रेम आहे. परंतु ते प्रेम मान्य करण्याचे धैर्य त्याच्याजवळ नाही. तिला रोकामादूर नावाचे तान्हे मूल आहे. ‘सर्पमंडळ’ हा त्यांच्या मित्रांचा गट. जॅझ ऐकत, मद्य घेत, रात्र रात्र तत्त्वज्ञान आणि कला यांची चर्चा करणे हा या गटाचा व्यवसायच होय. ला मागाला या चर्चेतील संदर्भ कळत नाहीत. ती सरळपणे प्रश्न विचारते आणि मंडळ तिच्याकडे कधी कौतुकाने, तर कधी तुच्छतेने पाहते.

रोकामादूरचा मृत्यू होतो, ला मागा नाहीशी होते आणि ओलिवेरा मायदेशी परततो. तेथे त्याचा जुना मित्र ट्रॅव्हलर आणि ट्रॅव्हलरची पत्नी तालिता यांच्यासमवेत तो आधी एका सर्कशीत आणि नंतर, सर्कशीच्या मालकाने मनोरुग्णालय विकत घेतल्यावर, त्या रुग्णालयात काम करू लागतो. तालितामध्ये त्याला ला मागा दिसू लागते. छप्पन्नाव्या प्रकरणात तो रुग्णालयातील एका खोलीत दोऱ्यांचे जाळे आणि पाण्याने भरलेली भांडी यांची तटबंदी रचून खिडकीशी बसतो. खाली अंगणात ठिकरीच्या चौकटी आखलेल्या असून त्यांत ट्रॅव्हलर आणि तालिता उभे आहेत. तो खाली झोकून देतो की नाही, हे स्पष्ट होत नाही. त्यानंतर तीन तारका येतात.

दुसऱ्या क्रमाने होणारा बदल

दुसऱ्या क्रमात हीच कथा येते, परंतु तिच्या प्रकरणांमध्ये तिसऱ्या भागातील प्रकरणे घुसतात. त्यांत वृत्तपत्रांतील कात्रणे आहेत, इतर लेखकांची अवतरणे आहेत, कथेतील गाळलेले प्रसंग आहेत आणि मोरेल्ली या वृद्ध लेखकाच्या टिपा आहेत. पारंपरिक कादंबरी मोडून काढण्याचा विचार करणारा मोरेल्ली म्हणजे कोर्तासार यांच्या वाङ्मयीन भूमिकेचा कादंबरीतील प्रतिनिधी होय.

ही घुसखोरी यादृच्छिक नाही, हे एका उदाहरणावरून दिसून येईल. प्रकरण 22 मध्ये ओलिवेरा रस्त्यावर एका वृद्ध गृहस्थास मोटारीची धडक बसलेली पाहतो. हा मनुष्य लेखक असल्याचे जमलेले लोक बोलतात. पहिल्या क्रमात हा प्रसंग नगरजीवनातील एक अपघात म्हणून मागे पडतो. दुसऱ्या क्रमात याच प्रकरणाच्या आधी प्रकरण 79 आणि नंतर प्रकरण 62 येते. ही दोन्ही प्रकरणे मोरेल्लीच्या लेखनविचारांची आहेत. पुढे प्रकरण 154 मध्ये ओलिवेरा रुग्णालयात जखमी मोरेल्लीस भेटतो, तेव्हा तो अनामिक वृद्ध कोण होता, हे उलगडते. प्रकरण 22 मधील एकही शब्द बदललेला नाही. केवळ त्याचे शेजारी बदलले आहेत. शेजार बदलल्याने अर्थ बदलतो, हे ‘रायुएला’चे मूलतत्त्व या ठिकाणी निर्विवादपणे सिद्ध होते.

अठ्ठाविसावे प्रकरण : क्रमाचा नैतिक अर्थ

या तत्त्वाची खरी कसोटी प्रकरण 28 मध्ये लागते. अंधाऱ्या खोलीत मंडळातील मित्र जमलेले असतात. आजारी रोकामादूर त्याच खोलीत निजलेला असतो. मूल मरण पावले आहे, हे ओलिवेराच्या सर्वप्रथम लक्षात येते. परंतु तो काही बोलत नाही. हळूहळू इतरांनाही ते कळते, तरी वास्तवाच्या स्वरूपाविषयीची चर्चा चालूच राहते. अखेर औषध देण्याची वेळ होते, ला मागा मुलाजवळ जाते आणि तिला सत्य समजते. ओलिवेरा तेथून निघून जातो.

पहिल्या क्रमात यानंतर लगेच प्रकरण 29 येते. ओलिवेरा खोलीवर परततो तो ला मागा निघून गेलेली असते आणि तेथे ग्रेगोरोव्हिउस हा मित्र राहावयास आलेला असतो. आघात आणि त्याचे परिणाम यांत पान उलटण्याइतकेच अंतर राहते.

दुसऱ्या क्रमात प्रकरणे 28 आणि 29 यांच्या दरम्यान तब्बल 22 प्रकरणे येतात. त्यांतील पहिलेच, प्रकरण 130, पँटच्या चेनमुळे लहान मुलांना होणाऱ्या इजांविषयीचे एक वृत्तपत्रीय कात्रण आहे. त्यापुढे मोरेल्लीच्या टिपा, तात्त्विक चिंतने, रुग्णालयातील भेट असे बरेच काही येते. मुलाच्या मृत्यूनंतर वाचक कितीतरी पाने कादंबरीच्या सिद्धांतात रमतो. यांतील काही प्रकरणे इतकी आकर्षक आहेत की ला मागाचा विसर पडावा.

येथेच या रचनेचे मर्म आहे. मूल मृत झालेले असताना चर्चा चालू ठेवणारे मित्र वाचकास निर्दय वाटतात. परंतु दुसऱ्या क्रमाने वाचणारा वाचक नकळत तेच करतो. मंडळावर टीका करणाऱ्या वाचकाला लेखक मंडळाचे सभासदत्व बहाल करतो. कोर्तासार यांनी हे विधान निवेदकाच्या तोंडी घातले असते, तर तो बुद्धिजीवी वर्गाविषयीचा एक परिचित उपदेश ठरला असता. त्यांनी ते प्रकरणांच्या क्रमात ठेवले. परिणामी ते समजून घ्यावयाचे विधान न राहता वाचकाला स्वतःबाबत आलेला अनुभव बनते. कथानकाचा गोषवारा कितीही काळजीपूर्वक लिहिला, तरी हा अनुभव त्यात येऊ शकत नाही.

दोन शेवट

कादंबरीच्या शेवटाबाबतही हेच आढळते. पहिल्या क्रमात खिडकीतील क्षणावर पडदा पडतो आणि मृत्यूची शक्यता वाचकाच्या मनात राहते. दुसऱ्या क्रमात प्रकरण 56 नंतर 135, 63, 88, 72, 77, 131, 58 आणि पुन्हा 131 असा क्रम आहे. या प्रकरणांतून ओलिवेरा जिवंत असल्याचे आणि गेक्रेप्तेन ही त्याची ब्वेनोस आयरेसमधील प्रेयसी त्याची काळजी घेत असल्याचे सूचित होते. प्रकरण 131 वाचकास 58 कडे पाठविते आणि 58 पुन्हा 131 कडे. तक्त्याचे तंतोतंत पालन करणाऱ्या वाचकाचे वाचन संपतच नाही. पुस्तक मिटण्याचा निर्णय त्याला स्वतःलाच घ्यावा लागतो.

म्हणजे एका क्रमात शेवट आहे, पण उत्तर नाही. दुसऱ्यात उत्तराची चाहूल आहे, पण शेवट नाही. ‘ओलिवेराचे अखेर काय होते?’ या प्रश्नास एकच उत्तर देणे, हे या कादंबरीच्या बाबतीत चुकीचे वाचन ठरते.

‘साथीदार’ वाचक आणि त्याची मर्यादा

प्रकरण 79 मध्ये मोरेल्ली वाचकांचे दोन प्रकार करतो. एक, आयते हाती येईल ते निष्क्रियपणे स्वीकारणारा. आणि दुसरा, लेखकाच्या अनुभवात सहभागी होणारा. दुसऱ्या प्रकारासाठी योजलेल्या स्पॅनिश शब्दात सहभाग आणि गुन्ह्यातील सोबत अशा दोन्ही छटा आहेत. मराठीतील ‘साथीदार’ हा शब्द या दोन्ही छटा नेमक्या व्यक्त करतो : प्रवासातला सोबतीही साथीदार आणि पोलिसांच्या नोंदीतला सहआरोपीही साथीदारच. अठ्ठाविसाव्या प्रकरणानंतरच्या 22 प्रकरणांत वाचक या दुसऱ्या अर्थानेही साथीदार होतो.

निष्क्रिय वाचकासाठी मात्र मोरेल्लीने ‘मादी-वाचक’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. हा शब्द स्त्रीत्व आणि निष्क्रियता यांचे अनुचित समीकरण मांडतो. त्यावर यथायोग्य टीका झाली आणि कोर्तासार यांनीही पुढे या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. अध्यापनात हा मुद्दा टाळू नये. उलट, कादंबरीच या संज्ञेस कसे खोडून काढते, हे दाखविता येते. प्रकरण 34 मध्ये ला मागा वाचत असलेली बेनितो पेरेस गाल्दोस यांची एकोणिसाव्या शतकातील कादंबरी ओलिवेराच्या हाती लागते. या प्रकरणाची पहिली ओळ गाल्दोस यांची, दुसरी ओलिवेराच्या मनातील विचारांची, तिसरी पुन्हा गाल्दोस यांची, अशी छपाई आहे. ओलिवेरा तिच्या अभिरुचीचा उपहास करतो. तथापि ती निघून गेल्यावर तिच्याशी असलेले त्याचे एकमेव नाते त्या उपहासिलेल्या पुस्तकाच्या ओळींतूनच उरते. जिला ‘वाचता येत नाही’ असे मानले गेले, तिच्या पुस्तकात तो तिला शोधत राहतो.

वाचन व अध्यापनासाठी काही सूचना

सत्रपद्धतीच्या मर्यादित तासिकांत ही संपूर्ण कादंबरी शिकविणे कठीण आहे. तथापि पुढील पद्धती उपयुक्त ठरू शकेल.

1. प्रथम वाचन पहिल्या क्रमाने करावे. चित्रकार, संगीतकार, तत्त्वज्ञ यांचे असंख्य उल्लेख येतात. त्या प्रत्येकासाठी थांबू नये. ला मागालाही ते कळत नाहीत, आणि तिच्या जागी उभे राहून मंडळाची चर्चा ऐकणे ही वाचनाची एक उचित भूमिका आहे.

2. दुसरे वाचन प्रकरण 73 पासून करावे व पूर्वी वाचलेली प्रकरणे गाळू नयेत. तीच प्रकरणे नव्या शेजारात कशी वाटतात, याची लेखी नोंद ठेवावी.

3. वर्गात विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाने प्रकरण 28 नंतर लगेच 29 वाचावे. दुसऱ्याने मधल्या 22 प्रकरणांसह वाचावे. त्यानंतर दोन्ही गटांना ओलिवेराविषयीचे मत लिहावयास सांगावे. दोन्ही मतांत पडणारा फरक हाच त्या तासिकेचा पाठ्यविषय होय.

4. प्रकरण 34 मोठ्याने वाचावे : आधी केवळ विषम ओळी, मग केवळ सम ओळी आणि शेवटी छापल्याप्रमाणे.

5. प्रकरण 68 एका कल्पित भाषेत लिहिलेले आहे. वाक्यरचना खऱ्या भाषेची, पण शब्द बनावट आहेत. तरीही तो प्रणयप्रसंग असल्याचे वाचकास उमगते. शब्दार्थाविना अर्थबोध कसा होतो, या भाषावैज्ञानिक चर्चेसाठी हे प्रकरण उत्तम आहे.

मराठीच्या संदर्भात

ज्या वर्षी ‘रायुएला’ प्रकाशित झाली, त्याच 1963 साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. दोन कृतींत प्रभावाचे नाते नाही. तथापि, रूढ कादंबरीच्या चौकटीविषयीचा असंतोष दोन दूरच्या भाषांत एकाच वेळी प्रकट झाला, ही बाब तौलनिक अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. दोन्ही कादंबऱ्यांत एका लहानग्या जिवाचा मृत्यू केंद्रस्थानी आहे. ‘कोसला’त मनीच्या मृत्यूने पांडुरंग सांगवीकरचे निवेदन आतून हादरते, प्रयोग भाषेत आणि निवेदनात घडतो, पानांचा क्रम अबाधित राहतो. ‘रायुएला’त ओलिवेराचा शोक दडपला जातो आणि तो दडपण्याचे काम पानांच्या क्रमाकडे सोपविलेले आहे. मराठी वाचकास अपरिचित वाटणाऱ्या या घाटाकडे जाण्याची वाट परिचित ‘कोसला’मधून काढता येईल.

निष्कर्ष

‘रायुएला’चे काठिण्य तिच्या रचनेच्या गुंतागुंतीत नाही, दिशादर्शक तक्ता कोणासही पाळता येतो. काठिण्य आहे ते तिने वाचकाकडे मागितलेल्या उत्तरदायित्वात. एका प्रकरणानंतर कोणते प्रकरण वाचावे, ही येथे केवळ सोयीची बाब राहत नाही. कोणाच्या दुःखाजवळ थांबावे आणि कोणाला ओलांडून पुढे जावे, असा तो प्रश्न आहे. परीक्षाभिमुख टिपणांतून कथानक समजेल, प्रयोगाचे नावही समजेल. परंतु ला मागा मुलाजवळ जाईपर्यंतच्या त्या शांततेत आपणही बोलतच होतो, ही जाणीव टिपणांतून मिळणार नाही. ती केवळ प्रत्यक्ष वाचनातून येते. म्हणूनच अशी कादंबरी अभ्यासक्रमात लावताना अध्यापकाने तिचा अर्थ सांगण्याआधी तिच्या वाचनासाठी वेळ राखून ठेवणे अगत्याचे आहे.